तेवीस मिनिटांचं गाणं

जपानी टीव्हीवर २०१२ च्या ऑक्टोबरात ‘जोजोज् बिझार अ‍ॅडव्हेंचर’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. तिचे भाग संपायची एक ठरलेली रीत होती. गोष्ट ऐन रंगात आलेली, कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला, आणि संवाद चालू असतानाच मागून एक सूर फुगत यायचा. पियानोचा स्वर टेपवर उलटा वाजवून केलेला. पाठोपाठ साध्या गिटारवरचे काही नाजूक स्वर. मग बेस गिटार दाणकन आत शिरली की श्रेयनामावली सुरू. हे ‘यस’ या ब्रिटिश बँडचं ‘राउंडअबाउट’, १९७१ सालच्या ‘फ्रॅजाइल’ या अल्बममधलं पहिलं गाणं. पुढे इंटरनेटवरच्या टवाळ पोरांनी नेमका तेवढाच तुकडा उचलला. कुणी सायकलवरून पडणार, कुणाच्या हातून केकचा ट्रे निसटणार, की त्याच क्षणी चित्र गोठतं, पिवळट तपकिरी होतं, कोपऱ्यात ‘टू बी कंटिन्यूड’ असा बाण येतो आणि बेस वाजू लागते. अशा हजारो क्लिप फिरल्या. त्या पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म गाणं निघाल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी झालेला.

त्यातल्या काहींना प्रश्न पडला, हे गाणं पुढे कसं जातं? ते पुढे जातं साडेआठ मिनिटं. मधे ऑर्गनची एक लांबलचक, धावती कामगिरी आहे, एक संथ उतार आहे, शेवटी नुसत्या आवाजांची एकमेकांत गुंफण आहे. गाणं नवं होतं तेव्हाही अमेरिकन रेडिओला हे झेपलं नव्हतं. तिथे सिंगल काढताना गाणं कापून साडेतीन मिनिटांच्या आसपास आणलं, आणि ते कापलेलं गाणं अमेरिकी यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे या गाण्याचे तुकडे पाडायची सुरुवात आजच्या पोरांनी केलेली नाही. रेकॉर्ड कंपनीनं साडेतीन मिनिटं ठेवली होती, पोरांनी दहा सेकंद ठेवली, एवढाच फरक.

‘जोजो’चा जनक हिरोहिको अराकी पाश्चात्त्य रॉकचा असा भक्त, की त्याच्या पात्रांना आणि त्यांच्या शक्तींना बँडांची नावं दिलेली असतात. पाचव्या पर्वातल्या खलनायकाच्या शक्तीचं नाव ‘किंग क्रिमझन’, आणि तिचं काम काय, तर मधल्या काही सेकंदांचा काळ गाळून थेट पुढे उडी मारणं. अंगठ्यानं गाणी पुढे ढकलणाऱ्या पिढीला किंग क्रिमझन हे नाव या वाटेनं कळावं, ही गंमत अराकीच्याही ध्यानीमनी नसेल. हे पर्व त्यानं १९९०च्या दशकात काढलं, तेव्हा गाणी ढकलायला बोटांत रिमोट असे, फोन नव्हे.

प्रोग्रेसिव्ह रॉक, चाहत्यांच्या तोंडी नुसतं ‘प्रॉग’, हे १९६९ ते १९७५ या सहा-सात वर्षांत इंग्लंडमध्ये बहरलेलं संगीत. रॉकची वाद्यं घ्यायची, पण बांधणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची किंवा जॅझची. एकाच गाण्यात चाल चार-पाच वेळा बदलायची. तालाच्या मात्रा चारऐवजी पाच, सात, नऊ अशा धरायच्या. प्रेमाबिमाच्या गाण्यांना फाटा देऊन मिथकं, विज्ञानकथा, वेड, मरण असले विषय घ्यायचे. आज ही आजोबांची गाणी वाटतात, पण ती लिहिणाऱ्यांची वयं पाहा. किंग क्रिमझनचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ ऑक्टोबर १९६९ मध्ये आला तेव्हा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप २३ वर्षांचा होता आणि गायक ग्रेग लेक २१ चा. ‘जेनेसिस’ची सुरुवात चार्टरहाउस शाळेतल्या मित्रांनी केली. त्यांनी १९७२ मध्ये ‘सपर्स रेडी’ हे सात खंडांचं, तेवीस मिनिटांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा पीटर गॅब्रिएल २२ वर्षांचा आणि ड्रमवरचा फिल कॉलिन्स २१ चा. पिंक फ्लॉइडमधले तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आले होते. हे कॉलेजच्या वयातल्या पोरांनी कॉलेजच्या वयातल्या पोरांसाठी रचलेलं संगीत होतं आणि विद्यार्थी संघांच्या सभागृहांत ते वाढलं. तेव्हा विशीतल्या श्रोत्याला आज ते आपलं वाटलं, तर त्यात चमत्कार शोधायला नको. खरी विचारण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. हे संगीत ऐकायची जी सोय त्या काळात होती ती सगळी मोडीत निघाली. मग ते ऐकलं जातं कसं?

त्यासाठी आधी तेवीस मिनिटं कुठून आली ते पाहायला हवं. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांपासून कित्येकांनी त्या तीन मिनिटांत राग बसवला. बैठकीत तासभर चालणारा ख्याल तिथे अर्काच्या रूपात उतरला, आणि त्या अर्कावर महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांचे कान तयार झाले. अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. अली अकबर खाँ यांची सकाळ-संध्याकाळच्या रागांची एलपी १९५५ मध्ये अमेरिकेत निघाली, तेव्हा रागाला प्रथमच रेकॉर्डवर हातपाय पसरायला मिळाले. रॉकवाल्यांना हीच मोकळीक मिळायला आणखी दशकभर गेलं. ‘यस’चं ‘क्लोज टू द एज’ अठरा-एकोणीस मिनिटांचं, एलपीची एक अख्खी बाजू. पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ही एक बाजू. जेथ्रो टलचं ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ तर एकच गाणं, त्रेचाळीस मिनिटांवर गेलेलं. मधे तबकडी उलटावी लागते म्हणून तेवढ्यापुरतं दोन भागांत तोडलेलं. १९७२ मध्ये ते अमेरिकी अल्बमयादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

बाजू याहून लांबवायची तर खाचा एकमेकींच्या जवळ, बारीक कोराव्या लागतात. मग आवाज दबतो आणि खर्जातली वाद्यं आधी मरतात. म्हणून तेवीस मिनिटं हा प्रतिभेचा आकडा होता तितकाच कारखान्याचाही होता. अमेरिकेत त्याला सरकारी नियमाचाही हात लागला. एकाच मालकाच्या एएम आणि एफएम केंद्रांनी दिवसभर तोच कार्यक्रम वाजवू नये, असा नियम १९६०च्या दशकात लागू झाला. एफएम केंद्रांपुढे रिकामे तास पडले आणि ते भरायला निवेदकांनी एलपीच्या अख्ख्या बाजू लावायला सुरुवात केली. अर्धं प्रॉग अमेरिकेत पोचलं ते या रिकाम्या तासांतून.

वाद्यांनाही अशाच मर्यादा होत्या. प्रॉगचा म्हणून जो एक धुक्यासारखा, भुतासारखा व्हायोलिनांचा आवाज ओळखला जातो तो मेलोट्रॉन या वाद्याचा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बनणारी ही एक पेटी. तिच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक वेगळी फीत, आणि त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनांनी किंवा बासऱ्यांनी वाजवून ठेवलेला तो एकच स्वर. पट्टी दाबली की फीत टेपहेडवरून सरकते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणजे वादकानं मनात सतत आठ सेकंद मोजायचे, आणि स्वर तुटायच्या आत दुसरीकडे सरकायचं. क्रिमझनच्या त्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात सुरावटींची जी भव्य भिंत उभी राहते, तिच्या मागे ही आठ सेकंदांची धावपळ आहे. विजेचा दाब कमी-जास्त झाला की सगळा वाद्यवृंद बेसूर व्हायचा, ते वेगळंच. आज हा आवाज लॅपटॉपवर मिळतो आणि स्वर हवा तितका लांबवता येतो. ज्यांनी मूळ ऐकलंय ते सांगतात की त्यात ती धाप लागत नाही, आणि मला ते पटतं.

हे सगळं फुगत फुगत गेलं, हेही सांगितलं पाहिजे. ‘यस’चा गायक जॉन अँडरसन यानं परमहंस योगानंदांचं योग्याचं आत्मचरित्र वाचलं. त्यातल्या एका तळटीपेत हिंदू शास्त्रांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्या एका तळटीपेवर अँडरसननं चार गाणी उभारली. प्रत्येक गाणं एलपीच्या एका बाजूएवढं, असा दोन तबकड्यांचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा अल्बम १९७३ च्या डिसेंबरात आला. की-बोर्डवरच्या रिक वेकमनला तो इतका कंटाळवाणा वाटे, की मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात त्याच्या मदतनिसानं त्याचं पुटपुटणं ऐकून रंगमंचावरच करी आणून दिली आणि त्यानं ती की-बोर्डच्या आडोशानं खाल्ली. हा किस्सा वेकमन स्वतःच हौसेनं सांगतो. योगानंदांच्या तळटीपेचा प्रवास भारतीय रश्शापाशी संपावा, याहून चोख टीका कुठल्या समीक्षकाला जमली नाही. वेकमन १९७४ मध्ये बँड सोडून गेला आणि पुढल्या वर्षी त्यानं राजा आर्थरची कथा वेम्बलीत चक्क बर्फावर स्केटिंगसह सादर केली. प्रेक्षक आले, पैसे बुडाले. असं असूनही ‘टेल्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, हे विसरायचं कारण नाही.

१९७६-७७ मध्ये पंक आलं. ‘सेक्स पिस्टल्स’चा गायक जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टावर ‘मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचे शब्द खरडून फिरायचा. पुढची वीसेक वर्षं प्रॉग आवडतं असं चारचौघांत म्हणणं म्हणजे हसं करून घेणं होतं. विक्री मात्र थांबली नाही. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकी अल्बमयादीत एकूण ७४१ आठवडे होता.

आता श्रोत्याकडे वळू. एलपीच्या काळात श्रोत्याला आधी पैसे मोजावे लागत, ऐकणं नंतर. मुंबई-पुण्यात तर परदेशी एलपी म्हणजे चैन. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’च्या बूथमध्ये उभं राहून ऐकायचं, परवडलं तर घ्यायचं, नाहीतर कुणा नशीबवान मित्राकडून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून आणायचं. कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे बेताबेतानं एक एलपी. पंचेचाळिसाच्या वर गेलेली एलपी असली तर शेवटच्या गाण्याचा घास अर्ध्यावरच तुटायचा, आणि तो तुटका शेवटच वर्षानुवर्षं डोक्यात बसायचा. अशी मोजून दहा-वीस रेकॉर्डं किंवा कॅसेटी घरात असली की न आवडलेलीही पुन्हा पुन्हा ऐकली जाते. पर्यायच नसतो. प्रॉगला याचा मोठा फायदा झाला. हे संगीत पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला कळतं की सतराव्या मिनिटाला येणारी सुरावट ही तिसऱ्या मिनिटाचीच, फक्त संथ केलेली आणि ऑर्गनवर चढवलेली. टंचाईनं श्रोत्याला त्या पाचव्या खेपेपर्यंत धरून ठेवलं. त्या पिढीतले लोक आपल्या चिकाटीच्या गोष्टी सांगतात तेव्हा या टंचाईचं श्रेय स्वतःकडे घेतात, असं मला नेहमी वाटतं.

टंचाई संपली. भारतात २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला. त्याच वर्षी ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झालं. स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत इथे आलं. आता जगातलं जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रित संगीत खिशात, आणि एक गाणं सोडून दुसऱ्यावर जायला शून्य खर्च. स्पॉटिफायच्या सेवेत काम करणाऱ्या पॉल लॅमिअर यानं २०१४ मध्ये तिथल्या ऐकण्याचा हिशेब मांडला होता. साधारण चारांतलं एक गाणं पहिल्या पाच सेकंदांत सोडून दिलं जातं, आणि जवळपास निम्मी गाणी शेवटपर्यंत पोचत नाहीत. किशोरवयीन श्रोते यात सगळ्यांच्या पुढे. गाणं किमान तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं धरून पैसे मिळतात. मग गीतकार-संगीतकार काय करणार? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात उबेर लेव्हेये गोव्हँ या संशोधकानं १९८६ ते २०१५ या काळातली लोकप्रिय गाणी तपासली. गायकाचा आवाज येण्याआधीचा वाद्यांचा भाग तेव्हा वीस सेकंदांहून जास्त असे, तो पाचांवर आला होता.

या हिशेबात प्रॉगला जागाच नाही. तेवीस मिनिटांचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं तरी ते एकदाच मोजलं जाणार, आणि अडीच मिनिटांचं गाणंही एकदाच. तेवढ्या वेळात अडीच मिनिटांचं गाणं नऊ वेळा वाजतं. मोबदला वाजवण्याच्या संख्येवर असेल तर ‘सपर्स रेडी’ लिहिणारा मुलगा आज वेडाच ठरेल.

पण आकडे दुसरंही काही सांगतात. अमेरिकी बँड ‘टूल’ नव्या माध्यमांपासून वर्षानुवर्षं फटकून होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांची सगळी गाणी प्रथमच स्ट्रीमिंगवर आली, आणि पाठोपाठ ‘फिअर इनॉक्युलम’ हे दहा मिनिटांहून लांब गाणं अमेरिकेच्या पहिल्या शंभर गाण्यांत शिरलं. तोवर एवढं लांब गाणं त्या यादीत कधीच आलं नव्हतं. अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्यानं तिथून कुणाला हटवलं, तर टेलर स्विफ्टला. दोन वर्षांनी खुद्द स्विफ्टनं आपल्या एका जुन्या गाण्याची दहा मिनिटांची आवृत्ती काढली आणि ती पहिल्या क्रमांकावर गेली. त्या क्रमांकावर पोचलेलं ते आजवरचं सर्वांत लांब गाणं. तिचा प्रॉगशी काडीचा संबंध नाही, पण तिच्या श्रोत्यांत शाळा-कॉलेजातल्या मुली केवढ्या, हे सांगायला नको. पोरांना दहा मिनिटं धीर धरता येत नाही, हे विधान तिथेच निकालात निघतं. पाच सेकंदांत गाणं सोडणारा आणि दहा मिनिटं ऐकणारा, हा बहुधा एकच मुलगा असतो. पाच सेकंदांत तो दुकानातला माल चाळत असतो. आपण ऱ्हिदम हाउसच्या बूथमध्ये तेच करत होतो, फक्त आपल्या मागे रांग असायची.

बदललाय तो क्रम. आधी पदरमोड करून मग नाइलाजानं ऐकायचं, याऐवजी आता आधी तुकडा कानावर पडतो, मग कुतूहल, मग पूर्ण गाणं, आणि पदरचे पैसे, द्यायचेच झाले तर, सगळ्यात शेवटी. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइल रेकॉर्डांच्या विक्रीची रक्कम सीडींच्या पुढे गेली. असं १९८०च्या दशकानंतर प्रथमच घडलं. आणि ल्युमिनेट या संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं, की तिथे विनाइल विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर आहे! उरलेल्यांनी गाणं फोनवर ऐकून झालेलं असतं. तबकडी ते विकत घेतात ती त्या गाण्याशी असलेलं नातं जाहीर करायला आणि चित्रकार रॉजर डीननं ‘यस’साठी रंगवलेली वेष्टनं भिंतीवर लावायला. जुन्या श्रोत्यांना हे हास्यास्पद वाटतं. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. देव्हाऱ्यात पोथी ठेवणारे सगळेच ती रोज वाचतात असंही नाही.

तुकड्यापासून पूर्ण गाण्यापर्यंत नेणारी एक नवीच वाट म्हणजे यूट्यूबवरचे ‘रिअ‍ॅक्शन’ व्हिडिओ. कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा एखादं गाणं ऐकतं आणि आपण त्याचा चेहरा पाहतो. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या विशीतल्या दोन जुळ्या भावांनी फिल कॉलिन्सचं १९८१ सालचं ‘इन द एअर टुनाइट’ असं ऐकलं. गाणं संथ चालतं, साडेतीन मिनिटं खऱ्या ड्रमचा पत्ता नाही. दोघं मान डोलावताहेत, जरा सैलावलेत. आणि मग तो प्रसिद्ध ड्रमचा कडकडाट येतो. दोघं खुर्चीत मागे फेकल्यासारखे होतात, एकमेकांकडे पाहतात, हसू आवरत नाही. इतक्या उशिरा ड्रम कोण आणतं, हा त्यांचा अचंबा. लाखो लोकांनी ते पाहिलं आणि चाळीस वर्षांचं गाणं पुन्हा विक्रीच्या यादीत वर चढलं. थांबण्याचं फळ काय असतं, हे त्या एका क्षणात जितकं दिसतं तितकं रॉकच्या इतिहासावरच्या जाड पुस्तकांतून दिसत नाही. शास्त्रीय संगीत शिकलेले संगीतकार, आवाजाची साधना शिकवणारे शिक्षक, ड्रमवादक असे कितीतरी जण आता लांब गाणी थांबवत थांबवत ऐकवतात. इथे ताल बदलला, इथे पहिली सुरावट परत आली, असं दाखवतात. पूर्वी पाचव्या खेपेला आपोआप कळायचं ते इथे पहिल्याच खेपेला समजावून मिळतं. यात शोधण्याचा आनंद जातो, हा आक्षेप खरा आहे. पण सवाई गंधर्व महोत्सवात शेजारी बसलेला जाणता काका ‘आता बघ, कोमल ऋषभ कसा लावतो’ म्हणून कानात सांगतो, तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

याहून घट्ट पकड वाजवण्याची असते. आजच्या प्रॉगश्रोत्यांत स्वतः गिटार किंवा ड्रम शिकणारे फार. अवघड गाणं हे त्यांच्यासाठी कोडं असतं. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांत चालतं, सॅक्सोफोनचा एकलही सातात, आणि गिटारचा एकल आला की ताल सरळ चारावर येतो. रूपकाच्या ठेक्यावर हात बसलेल्या तबल्याच्या विद्यार्थ्याला यातला पहिला भाग फार अवघड जाऊ नये. ‘टूल’चं २००१ सालचं ‘लॅटरालस’ हे तर कोड्यांचं आगर. गायक मेनार्ड जेम्स कीनन ओळीतली अक्षरं अशी तोडतो : एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, आणि मग परत उतरत्या क्रमानं. धृपदाच्या जागी मात्रा येतात नऊ, आठ, सात. आणि ९८७ ही संख्याही त्याच मालिकेतली. पाश्चात्त्य जग या मालिकेला फिबोनाची म्हणतं, कारण फिबोनाची या गणितज्ञानं १२०२ मध्ये ती सशांच्या उदाहरणानं मांडली. आपल्याकडे ती त्याआधीच छंदशास्त्रात निघाली होती. विरहांकानं आणि बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्रश्न असा घातला, की लघू एक मात्रा आणि गुरू दोन मात्रा धरून ठरावीक मात्रांच्या रचना किती होतात? चार मात्रांच्या पाच : गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू, आणि चार लघू. पाच मात्रांच्या आठ. सहांच्या तेरा. लॉस एंजेलिसच्या रॉक बँडनं गणितातून उचललेली ही गोष्ट मुळात अक्षरं आणि मात्रा मोजण्याचीच होती, म्हणजे ‘टूल’नं ती नकळत माहेरी आणली.

महाराष्ट्रात या संगीताचा श्रोता कायम होता, थोडा पण चिवट. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८०च्या दशकापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं, तिथे कॉलेजची पोरं दिवसभर उभी राहायची. आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त २००९ मध्ये ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा ब्रिटिश बँड आला. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ काढला होता. पडद्यांपुढे, गोळ्यांवर, बधिर होऊन बसलेल्या किशोरवयीन मुलाची ती गोष्ट, आणि तिच्यात सतरा मिनिटांहून लांब एक गाणं. पडद्यांनी पोरं बिघडवली असं गाणारा अल्बम याच पोरांनी पडद्यांवरून, फुकट उतरवून घेऊन पाठ केला होता. त्यांचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन २०१६ मध्ये पुण्याच्या ‘एनएच७ वीकेंडर’मध्येही वाजवून गेला. मुंबईच्याच ‘कोशिश’नं २०१३ मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदी अल्बम काढला, एकाच कथासूत्रात ओवलेला. मराठीत अजून असा अल्बम कानावर आलेला नाही. अभंग आणि नाट्यपदं पाठ असणाऱ्या, पाच-सात मात्रांना न दचकणाऱ्या भाषेत तो का नसावा, हे मला कोडं आहे.

नव्या श्रोत्याचं एक बरं आहे, त्याला पंकचा निकाल वारशानं मिळालेला नाही. फोनवर १९७४ आणि २०२२ शेजारी शेजारी असतात. कुणाची कधी कुणी टर उडवली होती, हे तिथे लिहिलेलं नसतं. किंग क्रिमझननंही अनेक वर्षं हातचं राखून ठेवलेली आपली गाणी २०१९ मध्ये स्ट्रीमिंगवर सोडली. तोवर अनेकांना त्यांच्या ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ची ओळख होती ती कान्ये वेस्टनं २०१० मध्ये ‘पॉवर’ या रॅपमध्ये वापरलेल्या तुकड्यामुळे. टाळेबंदीत सत्तरीतल्या फ्रिपनं बायको टोयाबरोबर स्वयंपाकघरात दर रविवारी वाह्यात व्हिडिओ काढले, त्यातून आणखी काहींना तो कळला. जो माणूस रंगमंचावर स्टुलावर बसून, चेहऱ्यावरची माशी न उडवता वाजवायचा, तो चित्रविचित्र पोशाख घालून नाचताना पाहून जुने भक्त हादरले. नवे हसले आणि मग त्याची गाणी शोधायला गेले.

वाजवणाऱ्यांची नवी फळीही याच मोकळ्या ऐकण्यातून आली आहे. लंडनच्या ‘ब्लॅक मिडी’चे वादक क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये भेटले, २०१९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा ते विशीच्या उंबऱ्यावर होते, आणि ते ‘स्किझॉइड मॅन’ही वाजवत. त्यांच्या संगीतात क्रिमझन आहे, जॅझ आहे, गोंगाट आहे. ‘आम्ही प्रॉग वाजवतो’ असा फलक मात्र त्यांनी कधी लावला नाही. अमेरिकेत टोसिन अबासी आठ तारांच्या गिटारवर, आणि पियानोवरून गिटारकडे आलेली इव्हेट यंग दोन्ही हातांची बोटं गिटारच्या दांडीवर नाचवत, जे वाजवतात ते पाहायला जमणाऱ्या गर्दीत विशीतलेच जास्त. सत्तरच्या दशकातलं प्रॉग हे जवळपास पूर्णपणे गोऱ्या पुरुषांचं घर होतं, ते दार आता तरी किलकिलं झालं आहे.

या फळीतला माझ्या आवडीचा बँड ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’. व्हायोलिन, सॅक्सोफोन, पियानो अशी सात जणांची मंडळी, ब्रिक्स्टनच्या ‘विंडमिल’ या पबमध्ये वाजवत मोठी झालेली. ‘अँट्स फ्रॉम अप देअर’ हा त्यांचा दुसरा अल्बम ४ फेब्रुवारी २०२२ रोजी आला आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच्या शेवटी ‘बास्केटबॉल शूज’ हे साडेबारा मिनिटांचं गाणं आहे, कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत चढत जाणारं. अल्बम यायच्या चारच दिवस आधी गायक आयझॅक वुड यानं मनःस्वास्थ्याच्या कारणावरून बँड सोडला. उरलेल्या सहा जणांनी ठरवलं, की त्याची गाणी त्याच्याशिवाय वाजवायची नाहीत. ठरलेल्या कार्यक्रमांसाठी त्यांनी काही महिन्यांत सगळी नवी गाणी रचली. प्रेक्षक आले, अनोळखी गाणी निमूटपणे ऐकली, आणि पुढल्या खेपेला ती पाठ करून आले. ‘बास्केटबॉल शूज’ मात्र रंगमंचावर ऐकायला मिळत नाही. ज्याला ते हवं आहे त्यानं रेकॉर्डिंग लावून साडेबारा मिनिटं बसायचं, आणि तसं बसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक विशीतले असावेत असा माझा कयास आहे.